चार आकड्यांचा नॉब

गिअरच्या दांडीच्या टोकाला जो गोळा असतो त्याला आम्ही नॉब म्हणतो. तो बदलणे हे गॅरेजमधले सर्वात किरकोळ काम समजले जाते. गिऱ्हाईक ते काम कधी मुद्दाम घेऊन येत नाही. ब्रेकचे, क्लचचे, इंजिनाचे सांगून झाले की निघता निघता म्हणते, "आणि हा गोळा पण बघा जरा, हातात येतोय." जुन्या जीपगाड्यांच्या कामात माझी सगळी उमर गेली. या काळात मी असे किती नॉब बसवले ते मोजलेले नाही. त्यातला एक चुकीचा बसवला. तो पक्का लक्षात आहे.

माझे गॅरेज केडगावात, पुणे रस्त्यापासून थोडे आत आहे. नव्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जातात. माझ्याकडे येतात त्या सरकारी लिलावात घेतलेल्या, तीनदा रंगवलेल्या, इंजिन एकीचे आणि बॉडी दुसरीची अशा जीपा. ओढ्यातून, माळावरून, नांगरटीतून चालणाऱ्या. अलीकडे पुण्याचे हौशी लोकही येतात. त्यांना गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी असते. एका गृहस्थाने मला मूळ नॉबचा फोटो मोबाईलवर मोठा करून दाखवला आणि विचारले, "बशीरभाई, यावरचा हा तपकिरी रंग कसा आणायचा?" मी सांगितले, तो रंग नाही, हाताचा मळ आहे, वीस वर्षांत आपोआप येईल. ते हसले नाहीत. नंतर बूट पॉलिश लावून पाहिल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले.

नॉब खराब कसा होतो, तेही सांगतो. जुने नॉब बेकेलाइटचे किंवा कडक प्लॅस्टिकचे असत. ऊन, धूळ आणि डाव्या हाताचा घाम यांनी ते खडूसारखे ठिसूळ होतात. आधी वरचे आकडे जातात, मग तडा जातो, मग आतले आटे झिजतात आणि ऐन चढावर गोळा हातात येतो. लोक त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळतात, चिकटपट्टी लावतात. पारनेरच्या एका मास्तरांनी पितळी पलंगाच्या खुराचा गोळा बसवून घेतला होता. उन्हाळ्यात तो इतका तापायचा की मास्तर रुमाल धरून गिअर टाकत. पण काढायला तयार नव्हते. पलंग सासऱ्यांनी दिलेला होता.

काढणे हेच खरे काम असते. गंजलेल्या दांडीवर नॉब असा बसलेला असतो की जोर लावला तर तो फुटतो आणि आतला पितळी बुश, म्हणजे आट्यांची नळी, दांडीवरच राहतो. रॉकेल सोडून रात्रभर ठेवावे लागते. बुश कापावा लागतो. मग दांडीचे आटे साफ करायचे, नव्या नॉबचे आटे जुळवायचे, खाली चेकनट आवळायचा. हा चेकनट महत्त्वाचा. तो नसेल तर नॉब फिरत राहतो आणि वरचा नकाशा तिरका होतो. नकाशा म्हणजे कोणता गिअर कुठे आहे ते दाखवणाऱ्या रेषा आणि आकडे.

हा नकाशा वाचून गाडी चालवणारा माणूस मी बघितलेला नव्हता. ज्याला गाडी येते त्याच्या हाताला गिअर माहीत असतो. ज्याला येत नाही तो शेजारच्याला विचारतो. त्यामुळे आमच्या लेखी नॉब म्हणजे मूठ. आकडे म्हणजे नक्षी.

भानुदासआबा कर्जत तालुक्यातले. माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे गिऱ्हाईक. त्यांची जीप सरकारी लिलावातली. इंजिन डिझेलचे बसवलेले, पण गिअरबॉक्स मूळचा, तीन गिअरचा. दोन वर्षांपूर्वी ते जीप घेऊन आले तेव्हा इतके सावकाश आले होते की मागच्या ट्रकवाल्याने गॅरेजच्या दारापर्यंत हॉर्न वाजवला. साखरेमुळे त्यांची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली होती.

"ही शेवटची खेप," आबा म्हणाले. "आता वैशाली चालवनार."

वैशाली ही त्यांची सून. आबांचा मुलगा संदीप चाकणच्या एका कंपनीत होता आणि पंधरा दिवसांनी घरी येई. वैशालीने गावी चाळीसेक शेळ्या केल्या होत्या. शेळ्यांचा गोठा ओढ्यापलीकडच्या माळावर होता. तिथे रोज चारा आणि पाण्याची पिंपे न्यावी लागत. ओढ्यातून पिकअप जात नाही, टेम्पो जात नाही. जीप जाते. जीप बंद म्हणजे शेळ्या बंद, इतका सरळ हिशेब होता. संदीपचे म्हणणे जीप विकावी असे होते. आबांनी त्याला सांगितले होते की आधी तिला चालवून बघू दे.

वैशालीला माहेरची मोटार येत होती, लायसन्सही होते. आबांची अडचण दुसरीच होती.

"बशीरभाई, मोटारीचं गिअर येगळं, हिचं येगळं. हे तिला सांगायचं कुनी?"

"तुम्ही सांगा की. शेजारी बसा."

"मी सासरा हाय तिचा. शेजारी बसून हात धरून गिअर टाकायला शिकवू व्हय? गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का?" त्यांनी दांडीवरचा नॉब चाचपला. त्यावर आकडा तर नव्हताच, अर्धे प्लॅस्टिकही नव्हते. "ती शिकलेली हाय. वाचून शिकंल. चांगला कोरलेला नॉब टाका. मला दिसत न्हाई, तिला दिसंल."

संदीप शेजारी बसला असता तर प्रश्न मिटला असता. पण त्याला तिने शिकूच नये असे वाटत होते. गावातल्या दुसऱ्या पुरुषाने शिकवणे आबांना चालणार नव्हते. म्हणून त्या घरात सासऱ्याच्या जागी नॉब बोलणार होता. हे मला तेव्हा मजेशीर वाटले. मी ते दोन-तीन गिऱ्हाइकांना सांगितलेही.

आता तीन गिअरच्या या जुन्या जीपांचा नकाशा सांगतो. दांडी डावीकडे घेऊन पुढे ढकलली की रिव्हर्स. डावीकडे घेऊन मागे ओढली की पहिला. उजवीकडे पुढे दुसरा, उजवीकडे मागे तिसरा. आजच्या बहुतेक मोटारींत डावीकडे पुढे पहिला असतो. म्हणजे मोटारीच्या सवयीने या जीपमध्ये पहिला टाकायला गेले तर रिव्हर्स पडतो. आबांना नेमकी याचीच भीती होती.

तीन गिअरचा नॉब बाजारात मिळत नाही. मी शहरातल्या एका जुन्या पार्टच्या दुकानात गेलो. डबा उपडा केला. त्यात एक काळा नॉब मिळाला, न वापरलेला, पांढरे आकडे खोल कोरलेले. मी त्याचे आटे पाहिले. हातात धरून पाहिला. उत्तम होता. आटे थोडे लहान होते, ते टॅप मारून वाढवले. आकडे अगदी सरळ यावेत म्हणून चेकनट तीन वेळा सोडून पुन्हा आवळला. मग जीप बाहेर काढून चौकापर्यंत नेली आणि परत आणली. तिन्ही गिअर, रिव्हर्स, सगळे बरोबर पडत होते. पडणारच. माझा हात तिसाहून अधिक वर्षे तेच करत होता. चालवताना मी नॉबकडे पाहिले नाही.

त्या नॉबवर चार आकडे होते. तो चार गिअरच्या गाडीचा होता. डावीकडे वर १, खाली २, उजवीकडे वर ३, खाली ४. रिव्हर्सचा R बाजूला.

गावचा एक ड्रायव्हर येऊन जीप घेऊन गेला. त्यानेही पाहिले नाही.

पुढचे मी पाहिलेले नाही. वैशालीने आणि आबांनी नंतर सांगितले तसे लिहितो. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप विहिरीजवळ उभी होती, पाठ विहिरीकडे. आबा मागचा फाळका उघडून चाऱ्याच्या पेंढ्या चाचपत होते. वैशाली स्टिअरिंगवर बसली. आबांनी मागून सांगितले, "हिचं गिअर मोटारीवानी न्हाईत बरं. नॉब बघून टाक." तिने नॉब पाहिला. तो हुबेहूब माहेरच्या मोटारीसारखा होता. तिला वाटले, आबांच्या लक्षात राहिले नसेल. तिने १ लिहिलेल्या जागी दांडी ढकलली आणि क्लच सोडला.

जीप मागे गेली. आबा आता डोळ्यांपेक्षा कानांवर चालणारे. आवाज जवळ आला तसे ते बाजूला पडले, म्हणून वाचले. डावे मनगट मोडले. जीपने विहिरीचा कठडा फोडला, चार दगड पाण्यात गेले, आणि मागचे एक चाक कडेवर अडकून गाडी बंद पडली.

पंधरा दिवसांनी संदीप जीप घेऊन गॅरेजला आला. तो लहानपणापासून हीच जीप चालवत आलेला. फाळका वाकला होता, मागचा बंपर आत गेला होता.

"एवढं सरळ करून द्या," तो म्हणाला. "घोडेगावचा एक जण घेतोय. जनावरांचा व्यापारी आहे. पुढच्या रविवारी मी येऊन नेतो, त्याला देऊन टाकतो."

"आबा कसे आहेत?"

"प्लास्टर आहे. नशीब थोर. आणि ही म्हणते, नॉब बघूनच टाकला. बघून टाकला तर मागं कशी जाईल हो? लिहिलंय की एवढं ढळढळीत." त्याने नॉबवर बोट आपटले. बोट आपटले, पण पाहिले माझ्याकडे. मी त्याच्याकडे पाहिले.

"नव्या माणसाचं होतं असं," मी म्हणालो.

"शेळ्या पण काढतोय," तो म्हणाला. "निम्म्या मागच्या बाजारातच गेल्या."

फाळका सरळ व्हायला दोन दिवस लागले. संदीपने फोन करून सांगितले की व्यापाऱ्याला जीपचे फोटो पाठवायचे आहेत, आतूनबाहेरून काढा. मी काढले. पाठवण्यापूर्वी एकेक फोटो पाहत होतो. आतल्या फोटोत नॉब मधोमध आला होता. मी ४ हा आकडा वाचला. तीन गिअरच्या गाडीवर चौथा आकडा. जीप समोर उभी असताना जे दिसले नव्हते ते मोबाईलच्या काचेवर दिसले. मग १ कुठे आहे ते पाहिले.

मी तो फोटो पाठवला नाही. बाकीचे पाठवले.

त्याच संध्याकाळी नॉब काढला. बिनआकड्यांचा एक साधा नॉब घेतला आणि बाजारात स्टीलच्या भांड्यांवर नावे टाकून देणारा एक जण बसतो, त्याच्याकडे गेलो. कागदावर नकाशा काढून दिला. तो म्हणाला, "हे काय, कुणाचं नाव नाही?" मी म्हटले, नाही. त्याने विजेच्या पेनने रेषा आणि आकडे कोरले, मी पांढरा रंग भरला. नॉब बसवला. या वेळी नॉबकडे पाहत, आकडे वाचत गाडी चालवली. तसे चालवताना मला दोनदा अडखळायला झाले.

दुसऱ्या दिवशी संदीपचा पुन्हा फोन आला. गाडी झाली का? मी म्हणालो, झाली. तेव्हा सांगता आले असते. मी सांगितले नाही. मनात हिशेब असा होता की जीप जाणारच आहे, नॉब आता बरोबर आहे, आबांचे मनगट जुळेल. कोणाचे काय अडणार होते? हे मी स्वतःला दोन दिवस सांगितले. बाकीच्या गाड्यांची कामे करत होतो. प्रत्येक गाडीत बसलो की आधी नॉबकडे लक्ष जाई. आणि प्रत्येक वेळी संदीपचे बोट आठवे.

शनिवारी सकाळी मी जीप काढली आणि कर्जतच्या रस्त्याला लागलो. जुना नॉब शर्टच्या खिशात होता.

आबा दारापुढच्या खुर्चीत बसले होते, हात गळ्यात. इंजिनाच्या आवाजावरून त्यांनी गाडी ओळखली. "संदीप का?"

"मी बशीर, आबा."

"तुमी सोता आनली? उद्या तो येनार हुता की."

वैशाली आतून पाणी घेऊन आली. तिला मी पहिल्यांदाच पाहत होतो. तिने जीपकडे पाहिले नाही. मी दोघांना बसायला सांगितले, पण ती दाराला टेकून उभीच राहिली. मग मी एका दमात सांगितले. नॉब चार गिअरचा होता. त्यावर पहिला लिहिला होता तिथे रिव्हर्स होता. तिने वाचला ते बरोबर वाचला. चूक माझी.

आबांनी हात पुढे केला. मी जुना नॉब त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी अंगठ्याने कोरलेले आकडे एकेक करून चाचपले.

"एक. दोन. तीन." अंगठा थांबला. "ह्यो चौथा कशाला?"

"तेच ना, आबा."

मग आबा दाराच्या दिशेने तोंड करून, पण तिचे नाव न घेता म्हणाले, "तिनं सांगितलं हुतं. बघितला म्हनून."

"तुम्हाला सांगितलं," वैशाली म्हणाली. "ह्यांना सांगितलं. दवाखान्यात नर्सला सांगितलं. कुणी जाऊन नॉब बघितला नाही." तिचा आवाज वर गेला नव्हता. "मग मीच म्हणायला लागले, नसंल बघितला. नीट आठवंना. रोज डोळ्यापुढं आणायची, एक कुठं हुता, एक कुठं हुता. एकवीस शेळ्या गेल्या तवर."

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"व्हय," ती म्हणाली. "फोन लावा ह्यांना. तुमच्या फोनवरनं. माझ्या फोनवरनं लावला तर म्हणतील मी तुम्हाला शिकवून बोलायला लावलं. आन स्पीकरवर टाका."

मी लावला. संदीप कामावर होता, मागे यंत्रांचा आवाज येत होता. मी पुन्हा सगळे सांगितले. तो दोनदा म्हणाला, "काय, काय?"

"बरं," तो म्हणाला. "झालं ते झालं, मिस्त्री. पण आता मी घोडेगाववाल्याला शब्द दिलाय."

आबा खुर्चीतूनच बोलले, "शब्द तू दिलास. जीप माझ्या नावावर हाय."

"आबा, परत काय झालं म्हंजी?"

"तर तवा बघू. आन हे बघ, घरी आल्यावर आधी तिच्याशी बोल. मग माझ्याशी."

संदीपने विचारले, "ऐकतीय का ती?"

"ऐकतीय," वैशाली म्हणाली.

"बरं," तो पुन्हा म्हणाला. "येतो उद्या." फोन बंद झाला.

मी किल्ली आबांकडे द्यायला गेलो. त्यांनी मान हलवून दाराकडे दाखवले. वैशालीने किल्ली घेतली, अंगणातल्या चाऱ्याच्या पेंढ्या एकेक करून जीपमध्ये टाकल्या, फाळका लावला. मला वाटले, आता ती निघेल. ती म्हणाली, "मिस्त्री, गाडी विहिरीपाशी घ्या. तवा हुती तशीच लावा."

मी जीप मागे घेत विहिरीपाशी नेली, पाठ विहिरीकडे. कठडा अजून बांधलेला नव्हता. फुटलेल्या जागेवर बोरीच्या फांद्या टाकल्या होत्या. मी उतरलो. ती बसली.

"आता मागं उभं ऱ्हावा," ती म्हणाली. "आबा हुते तिथं."

"अगं, काय हे," आबा म्हणाले. "पावण्या मानसाला असं..."

"पावणे न्हाईत ते. मिस्त्री हायेत."

मी मागे गेलो. फाळका माझ्या छातीपासून दीड हातावर होता आणि पाठीमागे दोन पावलांवर विहीर होती. पाणी खोल होते. माझ्या कामाची मी आयुष्यात अनेकदा खात्री दिली आहे, तोंडाने. अशी कोणी मागितली नव्हती. नकाशा मी कागदावर स्वतः काढला होता, कोरलेला तपासला होता, चालवून पाहिला होता. तरी मला आठवेना की चेकनट शेवटी आवळला की नाही.

मागच्या उघड्या बाजूने तिची मान दिसत होती. तिने मान खाली केली आणि नॉब वाचला. घाई केली नाही. दांडी डावीकडे घेतली, मागे ओढली. क्लच सावकाश सोडला.

जीप पुढे गेली. अंगणातून बाहेर पडली, रस्त्याला लागली. मला वाटले, ती वळून येईल. ती वळली नाही. दुसरा गिअर पडल्याचा आवाज आला, मग आवाज ओढ्याच्या बाजूला लांब जात राहिला. आबा मान तिरकी करून तो ऐकत होते. ओढ्यात उतरताना इंजिन जड झाले, पलीकडे चढताना पुन्हा मोकळे झाले.

"चढली," आबा म्हणाले. मग माझ्या दिशेने वळून म्हणाले, "बसा आता. चारा टाकून, पानी पाजून यायला तिला तास-दीड तास लागंल. आली की स्टँडवर सोडंल तुमाला."